पासंग

ओशमधल्या माझ्या घराच्या ओसरीवर एक फळी आहे.
पामीरकडे निघालेले सायकलवाले
जे सोडून जातात, ते तिच्यावर.

आदल्या रात्री ते सगळं अंगणात पसरतात,
जर्दाळूखाली, कपाळाला टॉर्च बांधून,
आणि वजनाशी हुज्जत घालतात.
टूथब्रशचा दांडा कापणारा पोलिश मुलगा मी पाहिलाय.
सकाळी त्यानेच दीड किलोचं पक्ष्यांचं पुस्तक
बॅगेत कोंबलं.

बावीस उन्हाळे यांना नाश्ता घातला.
यंदा मी, ऐसाल्किन, वय सत्तावन्न,
सारी-ताशला बहिणीकडे निघालेय. सायकलवर.
शेजारचा तोक्तोसून म्हणतो, मार्शरुत्का चार तासांत पोचवते.
पोचवते, म्हटलं.
मला चार दिवस लागायला हवेत.

तर फळीवरून काढलं:
एका डच बाईच्या दोन लाल बॅगा,
डावीचा आकडा तुटलेला, तो तारेने बांधला;
कोरियन आजोबांचा तंबू
(त्यांचा गुडघा गुलचोतच संपला होता);
मांजरासारखा फिसकारत पेटणारा स्टोव्ह,
झोपायची पिशवी, रेनकोट, पंप, तीन आरे.

ऐकून ऐकून शिकलेय.
जड ते खाली, चाकाजवळ.
पावसाचं सगळ्यात वर, हाताशी.
रोटीने रॉकेलचं तोंड पाहू नये.

मग बापाचा तराजू आणला, जर्दाळू विकायचा.
एका पारड्याला त्याने बांधलेला नट अजून आहे,
खोट झाकणारा नव्हे, खोट भरून काढणारा,
असं तो गिऱ्हाइकांना शपथेवर सांगे.
उजवी बॅग सहा किलो दोनशे.
डावी पाच तीनशे.
डावीत कुरुत ओतले,
दाताखाली दगड, जिभेवर दही.
तरी सायकल उजवीकडेच कलते,
भांडताना मी कलते तशी.

आणखी काय घालावं म्हणून स्वयंपाकघरात गेले
तर चुलीवर आईची कझान.
काळी, नऊ किलोंची.
अकरा वर्षांपूर्वी, आईच्या चाळिसाव्याला,
कढई मी उचलली
आणि झाकण उमसुनायने ओढणीखाली घेतलं.
तेव्हापासून माझा पुलाव ताटाने झाकते, वाफ निसटते.
आणि तिच्या घरी एक झाकण
कशालाच न झाकता भिंतीला टेकून उभं आहे,
असं येणारेजाणारे ड्रायव्हर सांगतात.

बराच वेळ उभी राहिले.
मग बॅगा पुन्हा उपड्या केल्या.

तंबू गेला फळीवर.
बावीस वर्षं माझं दार उघडं होतं,
चार रात्री कुणाचं तरी उघडं सापडेल.
स्टोव्ह गेला, त्याच्यामागे रॉकेल.
जास्तीचे बूट. दुसरा स्वेटर हातात घेतला,
ठेवला, घेतला, ठेवला.

कढई मागच्या कॅरिअरवर पालथी घातली.
तिच्या पोटात झोपायची पिशवी अशी बसली
जशी मापाने शिवलेली.
वरून दोरी, गाढवाला बांधतात ती गाठ.
सायकल उभी करून हात सोडले.
इकडे नाही, तिकडे नाही.

हिला घेऊन तालदीकचा घाट चढायचा!
माझ्या पाहुण्यांनी कपाळावर हात मारला असता.

झाकण आणायला निघालीस,
तोक्तोसूनने कुंपणावरून विचारलं,
की कढई द्यायला?
मी गाठ आणखी आवळली.

पहाटे एक नवी मुलगी ओसरीवर होती,
कपाळावर टॉर्च, हातात स्टोव्ह.
हा कुणाचा?

माझा, म्हटलं. काल रात्रीच सोडला.
घे. सोपू-कोर्गोनपर्यंत तरी नेशील.